कागदावर नसलेलं बावखल

डंपर उभा होता आणि त्याच्यासमोर एक बाई स्टूल टाकून बसली होती. साठीच्या आसपासचं वय, हातात दोरा आणि मांडीवर सोनचाफ्याच्या फुलांची टोपली. ती फुलं ओवत होती. ड्रायव्हर विडी ओढत होता. राणेशेठ, म्हणजे आमचे बिल्डर, मला बघताच म्हणाले, "मॅडम, तुमचा प्लॅन काढा. यांना दाखवा एकदा."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी आर्किटेक्ट. वसई पश्चिमेला, निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्याला एका जुन्या वाडीच्या जागेवर राणेशेठ दोन इमारती बांधत होते. बत्तीस फ्लॅट. प्लॅन मंजूर, बिनशेतीचा आदेश हातात, बांधकाम सुरू करायचं सर्टिफिकेटही आलेलं. पावसाळा संपला होता. पहिलं काम होतं भराव घालायचं.

मी प्लॅन उलगडून त्या बाईंच्या समोर धरला. त्यांनी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठे काढलंय यात?"

"कसलं पाणी?"

त्यांनी मागे बोट केलं. मी वळले. ज्या जागेवर माझ्या प्लॅनमध्ये इमारत 'बी' होती, तिथे काठोकाठ भरलेलं एक तळं होतं. काठाला केळी वाकलेल्या, पाण्यावर बगळा. आणि त्या जागेचा सर्व्हे मी स्वतः केला होता.

वसईच्या वाड्यांमधून अशी गोड्या पाण्याची तळी असतात. त्यांना बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र जवळ असल्यामुळे हे फार महत्त्वाचं. बावखल गेलं की विहिरीला मचूळ पाणी लागतं, आणि मचूळ पाण्यावर चाफा जगत नाही. हे सगळं मला त्या दिवशी समजलं. दादरमध्ये वाढलेल्या बाईला पाणी नळाला येतं एवढंच ठाऊक असतं.

मग सर्व्हेच्या वेळी मला हे तळं दिसलं कसं नाही? ऑफिसात येऊन मी जुना कागद काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'खड्डा, अंदाजे सात फूट, भरून घेणे.' सर्व्हे मे महिन्यातला होता. तिथली माणसं चार-पाच वर्षांतून एकदा उन्हाळ्यात बावखल उपसतात. इंजिन लावून पाणी काढायचं, तळाचा गाळ खणून केळीच्या आळ्यांत घालायचा आणि पावसाची वाट बघायची. मी नेमकी त्याच आठवड्यात टेप घेऊन पोचले होते. चार माणसं चिखल खणताना दिसली. मला वाटलं, माती विकतायत. एका शब्दाने विचारलं नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर नुसतं 'बागायत' होतं, तळ्याचा उल्लेख नव्हता. म्हटलं, खड्डाच आहे.

त्या बाईंचं नाव मथुराकाकू. जमीन विकली ती त्यांच्या दिरांनी. काकूंची वाडी शेजारी, चाफ्याची पन्नासेक झाडं, आणि त्यांची विहीर या बावखलाच्या जिवावर. नवरा गेल्यावर त्यांनी दोन मुलींना याच फुलांवर शिकवलं होतं. घरात त्या आपल्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र ठरवून शहरी मराठीत.

"काकू, जमीन विकली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"जमीन त्याची होती, त्याने विकली. पाण्याला कोण हात लावेल? असं कोणी करतं का?"

बावखल कोणी बुजवेल हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. ते बावखल आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी कोणाच्याच मनात पाप नाही, आणि मधे डंपर उभा.

राणेशेठ वाईट माणूस नव्हते. सेंटरिंगच्या कामापासून वर आलेले, शब्दाला पक्के. पण ते म्हणाले, "मॅडम, कायद्याने मी बरोबर आहे ना?"

"आहात."

"चोवीस फ्लॅट बुक झालेत. दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारी माणसं आहेत. त्यांना काय सांगू, तळं आहे म्हणून घर नाही?"

"घर मिळेल. चूक माझी आहे, ती मला दुरुस्त करू द्या."

"पंधरा दिवस. त्यानंतर भराव."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी त्यांना सर्व्हेचा कागदही दाखवला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे चहा मागवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता थोडा धंद्यातला भाग. प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्लॉटच्या क्षेत्रफळावर ठरतं. त्याला एफएसआय म्हणतात. बावखल प्लॉटच्या हद्दीत होतं, त्यामुळे ते ठेवलं तरी बांधकाम कमी होत नव्हतं. फक्त इमारत दुसरीकडे न्यायची. मी उत्तरेच्या कोपऱ्यात खुली जागा ठेवली होती. नियमाप्रमाणे मुलांना खेळायला, झाडांना तेवढी सोडावीच लागते. तिथे इमारत नेली आणि खुली जागा बावखलाच्या काठाने फिरवली. प्लॅनिंगच्या ऑफिसात गेले, तर तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, पाणी म्हणजे खुली जागा नव्हे. मुलं पाण्यावर क्रिकेट खेळणार का? काठ मोजा." काठ मोजला. कमी पडला.

दोन दिवस मी नुसती पेन्सिल चावत होते. मग लक्षात आलं की इमारतच बारीक करावी. मूळच्या 'बी'मध्ये चार मजले आणि मजल्यावर पाच घरं होती. त्याऐवजी पाच मजले आणि मजल्यावर चार. वीस घरांची वीस घरं, आणि पायाखालची जागा वाचली. प्रत्येक मजल्यावरचं पाचवं घर, अशी जी चार घरं वर जाणार होती, ती अजून विकली गेली नव्हती. आयुष्यात क्वचित मिळतं तसलं नशीब. साहेबांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हे बसतंय. पण फ्लॅटवाल्यांची संमती आणलीत का?"

इथे खरी गाठ होती. फ्लॅट घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात साठच्या दशकापासून एक कायदा आहे. बिल्डरने एकदा प्लॅन दाखवून करार केला की तो आपल्या मर्जीने प्लॅन बदलू शकत नाही. घरं घेणाऱ्यांची आधी संमती लागते, आणि असा बदल असेल तर सगळ्यांची. हा कायदा नसता तर अर्ध्या उपनगरात लोकांनी बुक केलं एक घर आणि मिळालं भलतंच, असं झालं असतं. मी त्या कायद्याची भक्त होते. त्या आठवड्यात मात्र तोच माझ्या आडवा आला. चोवीस कुटुंबं, चोवीस सह्या. एकाने नाही म्हटलं की डंपर सुरू.

रविवारी सगळ्यांना साइटवर बोलावलं. लालबाग, भांडुप, डोंबिवली, कुठून कुठून आले. बायका, पोरं, डबे. मी दोन्ही प्लॅन टेबलावर मांडले आणि चूक माझी असल्याचं आधी सांगून टाकलं. मग 'बी'मधल्यांना हॉलची खिडकी पश्चिमेऐवजी दक्षिणेला येईल हे दाखवलं. कुरकुर झाली. एका आजोबांनी वारा कुठून येईल विचारलं. तरी दुपारपर्यंत तेवीस सह्या झाल्या.

चोविसावे गुरव. मुंबईत डासप्रतिबंधक खात्यात नोकरीला. त्यांनी पेन हातात घेतलंच नाही.

"मॅडम, वीस वर्षं मी टाक्या, डबकी, टायर बघत हिंडतोय. माणसं मलेरियाने मरताना पाहिलीत. आणि तुम्ही मला उघड्या पाण्याच्या काठावर घर देताय?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता. राणेशेठनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया वर केल्या. इतका वेळ कडेला स्टुलावर बसलेल्या मथुराकाकू उठल्या.

"भाऊ, तुम्ही पाणी बघितलंत का?"

"लांबून बघितलं."

"मग जवळून बघा ना. सही काय, नंतर करा नाहीतर करू नका."

गुरवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि काकूंच्या वाडीतून एक पांढरा टोप मागवला. पॅन्ट दुमडून ते काठावर उकिडवे बसले. टोप पाण्यात तिरका बुडवून बाहेर काढला, उन्हात धरला, नाक त्यात जाईल एवढे वाकले. ओतून दिला. चार पावलं पुढे सरकून पुन्हा भरला. पूर्ण काठाची फेरी त्यांनी अशी मारली आणि चोवीस कुटुंबं त्यांच्या मागून चालली.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"अळी नाही," ते म्हणाले. "एक नाही. मासे आहेत खाली, भरपूर. आम्ही ऑफिसातून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे बाटल्यांत भरून वाटतो, ते काम इथे आपोआप चाललंय."

"मासे कधी कोणी सोडले माहीत नाही," काकू म्हणाल्या. "उपसतो तेव्हा आधी ते पिंपात काढून ठेवतो. पाऊस पडला की परत सोडतो."

गुरवांनी टोप काकूंच्या हातात दिला. त्यांच्या खात्याला जे लोकांच्या गळी उतरवताना घाम फुटत होता, ते ही बाई न सांगता करत आली होती. मग त्यांनी अटी घातल्या. काठाला कंबरेएवढा कठडा हवा. एकही गटार पाण्यात सोडायचं नाही. दर महिन्याला पाणी ते स्वतः तपासणार. राणेशेठ म्हणाले, "लिहून देतो." गुरवांनी सही केली आणि तारीख घातली.

डंपरमधला मुरूम रस्त्याच्या कामाला गेला.

सुधारित प्लॅन मंजूर करताना साहेबांनी विचारलं, "हे तळं कुठल्या कागदावर आहे?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही. म्हणून तर चुकले." त्यांनी जागा दाखवली, तिथे मी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'अस्तित्वात असलेलं बावखल, कायम ठेवणे.' वर शिक्का बसला. पिढ्यान्‌पिढ्या असलेलं ते पाणी त्या दिवशी सरकारदरबारी पहिल्यांदा जन्माला आलं.

घरांच्या चाव्या दिल्या त्या सकाळी बत्तीस दारांना चाफ्याची बत्तीस तोरणं होती. काकूंनी कोणाला विचारलं नव्हतं. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "विहीर गोड आहे." मी मान फिरवली, कारण राणेशेठसमोर रडायचं नव्हतं.

काही वर्षांनी सोसायटीतल्या काही जणांना गाड्या आल्या आणि बावखल बुजवून पार्किंग करायची टूम निघाली. माझ्याकडे फोन आला. मी म्हटलं, "मंजूर प्लॅनमध्ये ते पाणी आहे. बदलायचं तर सगळ्यांची संमती आणा. सुरुवात गुरवांपासून करा." पुन्हा फोन आला नाही.

त्या घटनेपासून मी रिटायर होईपर्यंत वसईतला प्रत्येक सर्व्हे आम्ही दोनदा केला, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. हाताखालचे लोक वैतागायचे, म्हणायचे, मॅडमना टेपवर विश्वास नाही. टेपवर होता. टेप फक्त खड्डा किती खोल ते सांगते. तो कशासाठी रिकामा केलाय हे शेजारच्या वाडीत जाऊन विचारावं लागतं.