आठ आणि दहाच्या मधे

लोकरीचा गुंडा एकदा मांडीवरून घरंगळला, की थांबतो का? आमच्या विणकामाच्या गोष्टींचंही तसंच आहे बायांनो. एक सांगायला घ्यावी, तर मागून दुसरी उलगडत येते!

तेव्हा निजामाचं राज्य. आंबेजोगाईला कागदावर मोमिनाबाद म्हणत. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. तहसीलदारांच्या बेगमसाहेबा हैदराबादहून विणकाम शिकून आलेल्या. रोज दुपारी त्यांच्या ओसरीवर पडदा सोडून आम्ही बसायचो. मी, शेजारच्या गोदाकाकू, आणि लोकर कातून आणणारी धनगराची गिरजा. पडद्यातून ऊन गाळून यायचं, लोकरीला मेंढरांचा वास यायचा, बोलता बोलता डोळे मिटायचे. तसं सुख मला पुढं मिळालं नाही.

* * *

सुया कुठल्या मिळायला! मी ह्यांच्या छत्रीच्या दोन काड्या काढल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कचेरीसमोर भर उन्हात छत्री उघडली, तर ती एका अंगानं खालीच बसली. घरी आल्यावर म्हणाले, "छत्रीला लकवा मारलाय. आणि तिची हाडं तुझ्या हातात कशापायी आहेत?"

* * *

बेगमसाहेबा टाक्याला 'घर' म्हणायच्या. हे काकूंना कुठं ठाऊक! पहिल्याच दिवशी काकूंच्या सुईवरून टाका निसटला, तशा बेगमसाहेबा ओरडल्या, "अजी, तुम्हारा घर गिर गया!"

काकू विणकाम टाकून बोळातून पळत सुटल्या. थोड्या वेळानं धापा टाकत परत आल्या आणि म्हणाल्या, "उभं आहे हो!"

* * *

नवऱ्याचं माप घ्यायचं म्हणजे पंचाईत. सासूदेखत त्यांच्या पाठीला दोरा लावणार कसा? मी खुंटीवरच्या शेरवानीवरून गुपचूप माप घेतलं. महिनाभर खपून स्वेटर विणला. शेरवानी निघाली मामंजींची!

मामंजी तो घालून गावभर हिंडले. "सुनेनं विणला! लई ऊब आहे!" आमचे हे बाजूला कुडकुडत उभे.

* * *

आता गिरजाचं. तिनं नवऱ्यासाठी बंडी विणली, ती लहान झाली. बेगमसाहेबांनी घरं मोजली. "सौ बोली थी मैं, नब्बेच हैं! दस किधर गए?"

गिरजाला दहापर्यंतच मोजता यायचं. दहा झाले की एक खडा बाजूला ठेवायची. खडे बरोबर दहा होते. बेगमसाहेबांनी तिला पुन्हा मोजायला लावलं.

"सात, आठ..." गिरजा थांबली, पदर तोंडाला लावला, "...धा!" नवव्याला तोंड गप्प, तर हातही गप्प!

"नौ किधर है?"

काकूंना हसू आवरेना. "अहो, नऊ कसं म्हणेल? तिच्या नवऱ्याचं नाव नवनाथ!"

गिरजा लाजून म्हणाली, "मेंढरं मोजताना मी आठावर थांबती. पलीकडून ते म्हनत्यात नऊ. मंग मी धा म्हनती."

* * *

त्या वर्षी नवनाथ दिवाळीनंतर कळप घेऊन गंगेकडं, म्हणजे गोदावरीकाठी, गेलता. शिमग्याला बाकीचे धनगर परतले, तो नाही. तापानं फणफणला म्हणून एका गावी ठेवून आलो, म्हणाले. तिकडं प्लेग पसरलेला. घरच्यांनी ठरवलं, पाडव्यापर्यंत वाट बघायची, मग गिरजाचं कुंकू पुसायचं.

गिरजानं काय केलं? ती लहान बंडी उसवली आणि नव्यानं टाके घालायला घेतले! काकू म्हणाल्या, "अगं, उन्हाळा तोंडावर आलाय."

"ते येतील तवा थंडी आसंल का न्हाई, कुनाला ठावं?"

मला रडू आलं. मी ते विणकामात लपवलं.

पाडव्याच्या आदल्या दुपारी तिची जाऊ लोकर द्यायला आली होती. गिरजा टाके घालत होती. आठावर आली आणि नेहमीसारखी थांबली. जाऊ फणकारली, "आता कशापायी आडती? म्हन की नऊ! ऐकायला कोन ऱ्हायलंय?"

गिरजाची सुई हातात तशीच.

"न्हाई म्हननार," गिरजा म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "येक, दोन, तीन..." काकूंनी डोळ्याला पदर लावला. बेगमसाहेबा काही पुटपुटत होत्या, दुवा मागत असाव्यात. "...सात, आठ..."

ती थांबली.

पडद्याच्या पलीकडून, बसलेल्या घशाचा एक पुरुषी आवाज आला.

"नऊ."

गिरजानं मान वर केली नाही. टाका घातला, मग आणखी एक.

"धा," ती म्हणाली.