मांडवाचे खड्डे

आमच्या क्लबचं मैदान फुटबॉलसाठी होतं असं जो म्हणेल, त्याला मी तिथेच गाडीन. खड्डा खणायचीही गरज नाही, तयार आहेत. मैदान होतं लग्नांसाठी. मधून कधी मुहूर्त नसला, की आम्ही पाहुण्यांसारखे येऊन खेळून जायचो. मांडववाले पहारीने खड्डे पाडून बांबू रोवायचे, लग्न लागलं की बांबू उपटायचे आणि खड्डे आम्हाला आहेर म्हणून ठेवून जायचे.

हिंगण्याच्या कारखान्यात पहिली पाळी करून बारा वर्षं मी खालच्या लीगमध्ये मिडफिल्डर म्हणून खेळलो. माझ्यासारखा पास अख्ख्या विदर्भात कोणी दिला नाही. खात्री करायची तर माझ्याच गल्लीत विचारा. गुपित आज सांगतो. मला मैदानातला खड्डा न् खड्डा पाठ होता. समोरचा अंगावर आला की चेंडू जरा डावीकडे ढकलायचा, गडी मागोमाग येणार आणि घोट्यापर्यंत गायब होणार. एक उंच डिफेंडर तर असा गेला, की कॉर्नर घेऊन होईस्तोवर त्याचे फक्त केस दिसत होते. लोक टाळ्या माझ्या पायांना वाजवायचे.

मग वरच्या लीगमधल्या एका क्लबचा माणूस मला बघायला येणार असं ठरलं. रविवारी. तिशी उलटलेल्या मिडफिल्डरला दुसरा रविवार मिळत नसतो. आणि शनिवारी दुपारी आमच्या सेक्रेटरीने त्याच मैदानावर पुतण्याचं लग्न काढलं!

"भाऊ, उद्या मॅच हाये. आज मांडव काहून टाकला?"

"मुहूर्त काय तुले विचारून काढू का? ये, जेवून जाजो."

आणि मी जेवलो! वांग्याच्या भाजीसोबत राग गिळला, बुंदीचे तीन द्रोण रिचवले. तेही भर मैदानात, मधल्या बांबूला पाठ टेकून. मांडव नव्या मापाचा होता, म्हणजे खड्डेही नव्या जागी, हे डोळ्यांना दिसत होतं. डोक्यात शिरलं नाही.

रविवारी तो माणूस लग्नातल्याच लाल खुर्चीवर वही घेऊन बसला. मी दोघांना चकवलं. पुढे मोकळी जागा, माझ्या पाठांतराप्रमाणे सपाट. पाय टाकला. गुडघ्याचा आवाज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरपर्यंत गेला असेल. पडल्या पडल्या खड्ड्यात पाहिलं, तर तळाशी कालच्या अक्षता.

सेक्रेटरी धावत आला. "पाहून पळाचं ना गा!"

"खड्डे बुजवाचे कोणी?" मी ओरडलो.

"काल त्याच बांबूले टेकून जेवून राहिला होता ना तू? तवा नाही दिसला?"

मैदान हसलं. माझे स्वतःचे दहा जणही हसले. वहीवाल्याने वही मिटली, खुर्चीची घडी केली आणि गेला. तो गुडघा पुन्हा कधी सरळ धावला नाही.

गेल्या महिन्यात त्याच मैदानावरच्या लग्नाची पत्रिका आली. या वेळी सेक्रेटरीच्या पोरीचं. गेलो. सोबत घमेलंभर मुरूम.

"आला का गा? बस पंगतीले," सेक्रेटरी म्हणाला. अंगात नवा कोट, पायात चकचकीत बूट. "हे काय आणलं?"

"आहेर," म्हटलं, आणि घमेलं त्या बुटांवर उपडं केलं. "बांबू निघाले की बुजवा. तवर मी नाही जेवत."

आणि तिथेच, लाल खुर्ची ओढून, त्याच्यासमोर बसलो.