कावळा, काढा आणि काकूचं मृत्युपत्र

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण नोकरीत लिहिलं ते जबाब आणि पंचनामेच, त्यामुळे हे नीट सांगता येईल की नाही, जरा धाकधूक आहे.

तेव्हा मी मोहाडी तालुक्यात ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. पलीकडे जवळच्या शहापूरचा एक माणूस होता.

"साहेब, माझी काकू मेली. वसतिगृहाच्या गुरुजीनं काढ्यातून जहर देल्लं तिले."

काकू म्हणजे आमच्याच हद्दीतल्या एका गावातली म्हातारी विधवा. मूलबाळ नव्हतं. घर आणि धानाचं वावर तिने रजिस्टर मृत्युपत्र करून गावातल्या मुलींच्या वसतिगृहाला दिलं होतं आणि फोन करणाऱ्या या पुतण्याला तसं तोंडावर सांगितलंही होतं. वसतिगृह चालवणारे गुरुजी तिला खोकल्याचा काढा आणून देत, हे गावाला माहीत होतं.

हेतू दिसत होता, संशयित दिसत होता. स्टेशन डायरीला नोंद करून निघालो. वाटेत गुरुजींना जीपमध्ये घेतलं. वसतिगृहाच्या दारात मुली उभ्या राहून बघत होत्या.

घरी पोहोचलो, तर म्हातारी ओल्या केसांनी अंगणात खाटेवर बसलेली.

शेजारीण पुढे आली, ओशाळून. "साहेब, सकाळी बुढीच्या डोक्यावर कावळा बसला जी. म्हून तिले न्हाऊ घातलं, नातेवाइकाइले फोन लावले, का बुढी गेली. ते रडले का अरिष्ट टळते."

आमच्या भागातली ही जुनी रीत. मेल्याची खोटी बातमी धाडायची, चार माणसं रडली की खरं मरण टळतं. शिपायाला हसू आवरेना. म्हातारी त्याच्यावरच डाफरली, "हासून काय राहिला बे? सकाळपासून उपाशी हावो मी. ही तोंडात पाणी नाही पडू देत, म्हणते रडणारे येऊ दे."

मीही हसणार होतो. तेवढ्यात कोनाड्यातली काढ्याची बाटली दिसली. मरण खोटं होतं. मग जहराचं काय?

बूच काढून वास घेतला. काढ्याच्या उग्र वासाआडून धानावर फवारायच्या औषधाचा दर्प आला. मी बूच घाईने परत लावलं. आजवर प्रेतं पुष्कळ पाहिली होती, पण समोर जिवंत बसलेल्या बाईकडे पाहून अशी भीती कधी वाटली नव्हती.

शेजारणीला बाजूला घेतलं. "फोनवर जहराचं बोललीस?"

"नाही जी. बुढी गेली, एवढंच."

"मग नातेवाईक काय म्हणाले?"

"सारे इचारत होते, कशी गेली, काय झालं." ती थांबली. "पुतण्यानं काहीच नाही इचारलं. फोनच ठेवला त्यानं."

पंचांसमक्ष बाटली सीलबंद केली. तेवढ्यात पुतण्याची मोटारसायकल आली. काकूला पाहून तो दारातच थिजला. आदल्या संध्याकाळी तो येऊन गेल्याचं म्हातारीनेच सांगितलं; सकाळचा काढा तेवढा त्या उपासात घ्यायचा राहिला होता.

ठाण्यात पुतण्या आधी म्हणाला, अंदाजाने बोललो. मी विचारलं, "काढ्याचाच अंदाज काहून आला?" तेव्हा म्हणाला, "गुरुजी जेलात गेला असता तं कागद रद्द झाला असता. वावर मले भेटलं असतं." प्रयोगशाळेच्या अहवालात तेच औषध निघालं. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला.

हेतू दिसला की शोध संपला, असं मी त्या सकाळपर्यंत समजत होतो. दारात उभ्या त्या मुलींसमोर गुरुजींना बेड्या घालायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेव्हापासून कुणी मरणाची खबर घेऊन आला की मी एकच गोष्ट ऐकतो: हा विचारतो आहे, की सांगतो आहे.

म्हातारीचा जबाब मी स्वतः नोंदवला. मृत्युपत्र तसंच राहील, म्हणाली. अंगठा दिला आणि उठता उठता थांबली.

"साहेब, माही खबर आयकून तो रडला का जी?"

"रडला," मी म्हणालो.

तेवढं मात्र जबाबात लिहिलं नाही.