डावा पाचवा पाय

नोएडाच्या बाजूला, नव्या सेक्टरच्या खुणेचे दगड रोवलेल्या शेतात एक विहीर होती. तिच्या पाण्यात मला झिंग्याच्या नात्यातले, तिळाहून लहान, आंधळे प्राणी सापडले. पाच माद्या आणि एकच नर. माझ्या गाइड मॅडमना वाटत होतं, ही नवी प्रजाती आहे. नुसती नवी जात नव्हे, जातींचं वेगळंच घराणं. पण ते ठरणार होतं नराच्या पाचव्या पायांच्या जोडीवरून. माझा प्रबंधही त्यावरच उभा राहायचा होता.

आई एसटीडीवर विचारायची, "खातात का ते?"

"नाही गं."

"मग इतके दिवस कशाला लागतात?"

मला नीट सांगता येत नसे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

पाय सुटे करताना पंखा बंद ठेवायचा, हा प्रयोगशाळेचा नियम. त्या मे महिन्यातल्या दुपारी वीजच गेलेली होती, म्हणून बटणाकडे लक्ष गेलं नाही. उजव्या पायाचं चित्र काढून झालं. डावा सुईच्या टोकावर उचलला आणि वीज आली. घामेजल्या मानेला वारा लागला, क्षणभर बरंही वाटलं. मग पाहिलं तर सुईचं टोक रिकामं.

दोन दिवस टेबल ब्रशने झाडून तो कचरा भिंगाखाली तपासला. तिसऱ्या दिवशी बसने विहिरीवर गेले. तिथे विटांचा ढीग होता.

"कुआँ तो भर दिया, बेटी," चौकीदार म्हणाला. "पानी पीना है तो नल उधर है."

मॅडम थकून म्हणाल्या, "अगं, बहुतेकांचे दोन्ही सारखेच असतात. डावाही तसाच काढ, चलो."

मी पेन्सिल घेऊन बराच वेळ बसले. शेवटी चित्राखाली लिहिलं : डावा पाय पाहण्याआधीच माझ्याकडून हरवला.

मॅडमनी ते वाचलं. "आता शोधपत्रिकावाले मान्य करतीलच असं नाही हं."

"हो, मॅडम."

त्यांनी ती ओळ खोडली नाही. शोधपत्रिकेचं उत्तर आलं : दुसरा नर मिळेपर्यंत नाव देऊ नये.

तेव्हापासून मी त्या भागातल्या गावांचे हातपंप उपसते आहे, पंपाच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून. रांगेतल्या बायका घागरी खाली ठेवून थांबतात. माद्या मिळतात.