पहिल्या पानावरून उतरवलेले फोटो

माझी शाळा चौथीपर्यंत. औंधच्या बाजूच्या गावातून लग्न होऊन सांगलीला आले ती थेट लग्नपत्रिकांच्या छापखान्यात. खाली यंत्र, वर घर. नवरा छापायचा, मी घड्या घालायचे आणि पाकिटं चिकटवायचे.

पत्रिकेचा क्रम ठरलेला असायचा. वर गणपती, खाली कुलदैवत, मग गेलेल्या माणसांचे आशीर्वाद, मग नवरा-नवरी, आणि शेवटी आपले विनीत म्हणून सगळी भावकी. लग्न कुठं आणि किती वाजता, ते उरलेल्या जागेत. एकदा एका मामाचं नाव राहिलं. मामा मांडवात जेवला नाही आणि शिव्या खाल्ल्या आम्ही. तेव्हापासून नवरा म्हणायचा, तारीख चुकली तर चालेल, नाव चुकता कामा नये.

तो गेला. मुलगी इंजिनियर झाली आणि नव्वदचं दशक सरता सरता तिनं वरच्या खोलीत स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली. आमच्याकडे द्राक्षांचा बेदाणा करतात आणि शीतगृहांत ठेवतात. कुणाच्या पेट्या कुठल्या खोलीत, कुठल्या रांगेत, हे शोधताना माणसं गारठून जायची. तिनं केलेलं सॉफ्टवेअर संगणकावर ते लगेच दाखवायचं. दोन-चार जवळच्या शीतगृहांनी ते घेतलं. लांबचं गिऱ्हाईक यावं म्हणून तिनं इंटरनेटवर पान टाकायचं ठरवलं.

इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि फोन होता माझ्या धाकट्या दिरांच्या नावावर. त्यामुळं ते शेजारी खुर्ची टाकून बसले. पोरगी पान करत होती आणि ते सांगत होते, हे घाल, ते घाल. वर गणपती आला. आमचं कुलदैवत यमाई आली. माझ्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवून, काच काढून फोटो संगणकात घ्यायच्या यंत्रावर ठेवला, तो पानात गेला. मग माझा, मग दिरांचा. कडेनं आंब्याच्या पानांचं तोरण, तेही उघडझाप करणारं. खाली आपले विनीत. मलाही ते चांगलंच वाटलं. लग्नघर वाटत होतं.

नाशिकच्या एका शीतगृहवाल्यानं ते पान उघडलं आणि फोन केला. मुलीनं तो मला नंतर जसाच्या तसा सांगितला.

"ताई, पत्रिका मिळाली. लग्न कधी आहे?"

"कुणाचं लग्न?"

"ते मला काय माहीत? गणपती आले, देवी आली, हार घातलेले बाबा अर्धे आले आणि लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा बाबा. तुम्ही विकता काय?"

तो हसत होता, पण पुढचं बोलला ते गंभीर होतं. सोमवारी त्याचे भागीदार बसणार होते. पुण्याच्या एका कंपनीचं पान आणि हिचं पान बघून ठरवणार होते. एवढं मोठं काम हिला आजवर मिळालं नव्हतं.

मुलगी संगणकासमोर बसून राहिली. सगळं पुसायचं हे तिला कळत होतं, पण हात बापाच्या फोटोवर अडला होता.

मी विचारलं, "काय झालं?"

"आई, बाबांना कसं काढू?"

बिनकाचेचा तो फोटो टेबलावर तसाच पडला होता. मी उचलला, चौकटीत घातला आणि जुन्या खिळ्याला टांगला. म्हटलं, "ह्ये बग, बाबा जाग्यावर गेलं. आता तितनं काढ. माझा बी काढ."

दीर आले ते तापूनच. "वैनी, दादाला काढलं? भावकी काय म्हनंल?"

"तुमचे दादा भिंतीवर हायत, भावजी. हार मी घालते. नाशिकच्या मानसाला त्येंचं काय करायचंय?"

"आन् माजा फोटू?"

"माजा गेला, त्येच्या मागनं तुमचा गेला."

"फोन माज्या नावावर हाय, ह्ये इसरू नगा."

"न्हाई इसरले. न्यायचा असंल तर आत्ताच न्या. सोमवारच्या आत दुसरा बगाया येळ तरी मिळंल."

ते जिन्यावरून धाडधाड उतरले. फोन मात्र नेला नाही.

मुलीनं नवं पान केलं. पांढरंधोप. वर एकच इंग्रजी ओळ. तिचा अर्थ तिनं सांगितला: कुणाचा बेदाणा कुठं आहे, लगेच बघा. त्याखाली शीतगृहाच्या खोल्यांचं साधं चित्र. एका खोलीवर टिचकी मारली की आतल्या रांगा आणि पेट्या दिसायच्या. बाजूला फोन नंबर, सहज दिसेल असा. कंपनीचं नावसुद्धा बारीक. मी म्हटलं, ओकंबोकं दिसतंय. ती म्हणाली, "आई, बघणाऱ्याला आपण कोण हे नको असतं. त्याचं काम होणार का, हे हवं असतं. आणि तो थांबत नाही." चित्र चहाचा घोट घेईपर्यंत आलं होतं. मला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तरी खोल्या आणि पेट्या मला कळल्या.

सोमवारी दीर सकाळीच येऊन फोनजवळ बसले. दुपारी घंटी वाजली आणि त्यांनीच उचलला.

"व्हय, हीच कंपनी. मी? मी तिचा काका." मग बराच वेळ नुसतं व्हय, व्हय. फोन ठेवला आणि म्हणाले, "समद्या भागीदारांनी त्या खोल्या उगडून बगितल्या म्हनं. एकानं तर त्यात सोताच्याच पेट्या हुडकायला घेतल्या. पुन्यावाल्याचं पान अजून उगडायचंच हाय, पर काम ठरवायला ते हितंच येनार हायत. इचारत हुते, मुहूर्त कवाचा?"

पोरगी हसली आणि मग तोंड धुवायला आत गेली.

काम मिळालं. पुढं आणखी मिळाली. भावकीतल्या बायका मला विचारायच्या, पोरीच्या कंपनीच्या पानावर तुमचा फोटो कसा नाही? मी सांगायचे, होता, पण तिनं काढला. बापाचा काढला, काकाचा काढला, माझाही काढला. आमच्या छापखान्यात इतकी वर्षं पत्रिका निघाल्या, पण एक नाव गाळायची छाती तिच्या बापाला झाली नाही. ती हिला झाली.