सुधीरचा हात

कपाट आवरताना माझा जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट सापडला. त्याच्या पुठ्ठ्याचा वास आला आणि अमेरिकेतल्या सनीव्हेलमधला एक शुक्रवार आठवला.

आम्ही तिघे तिथे नवीन होतो. लायसन्स आली नव्हती, म्हणून बारमध्ये बँड ऐकायला जाताना वय दाखवायला पासपोर्टच न्यावे लागले. आत शिरल्यावर मी आणि मंदारने आमचे पासपोर्ट नागपूरच्या सुधीरकडे सोपवले आणि बेभान नाचलो. ड्रम्सनी फरशी थरथरत होती, सांडलेल्या बिअरने बूट चिकटत होते. सुधीर मात्र स्टेजसमोर, शर्टाच्या फुगलेल्या खिशावर हात दाबून उभा. गायकाला वाटलं, गाणं याच्या काळजाला भिडलंय. त्यानेही छातीवर हात ठेवला आणि पुढचं गाणं सुधीरकडे बघत म्हटलं.

चालत घरी येताना आम्ही हसून हसून बेजार झालो.

"हसा बे," सुधीर म्हणाला, "व्हिसा हरवला असता तर रडत बसला असता दोघं."

तेव्हा तो आम्हाला भित्रा वाटला. आज वाटतं, गायकाचं फारसं चुकलं नव्हतं. सुधीरने त्या दिवशी आम्हाला छातीशी धरलं होतं, आणि स्वतः जरासुद्धा नाचला नव्हता.