नाळ ओढणारा हात

तेर गावच्या एका सुईणीनं माझी चूक दाखवली, तेव्हा मला आरोग्याच्या कचेरीत तक्ते काढायला लागून चार वर्षं झाली होती. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. नारू, देवी, बाळंतपण असल्या विषयांची मोठी रंगीत चित्रं मी काढायचो आणि ती छापून गावोगावच्या केंद्रांत लागायची. माझं शिक्षण म्हणजे ड्रॉइंगची एक परीक्षा, तीही उर्दूतून दिलेली. माणसाच्या शरीरात काय असतं ते मी पाहिलेलंच नव्हतं. जुन्या पुस्तकातली चित्रं बघून उतरवायचो.

त्या दिवशी तेरमध्ये सुईणींचा वर्ग होता. बाळंतपणाचा नवा तक्ता मी भिंतीला लावला आणि नर्सबाई शिकवू लागल्या. एक म्हातारी सुईण उठली, तक्त्याजवळ गेली आणि चित्रातल्या हातावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यो हात कुणी काढला?"

"मी."

"ह्यो तर नाळ वडतोय. बाळामागची वार सुटायच्या आधी नाळ वडली तर बाई रक्तानं जाती. तुमी कधी बघितलंय का?"

"न्हाय."

"मग काढलं कशाला?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." पुस्तकातल्या हातानं नाळ नुसती धरली होती. मी बोटं आवळून काढली होती, कारण आवळलेली मूठ मला चांगली जमायची.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत साहेबांपुढं उभा राहिलो. म्हणालो, तक्ता परत मागवा.

"एका अडाणी सुईणीच्या सांगण्यावरून सरकारी तक्ता मागवायचा?"

"नर्सबाईपण तेच म्हणतात."

"लेखी द्यायला सांगा."

नर्सबाईंनी लेखी दिलं. तो कागद फायलीत गेला आणि तिथंच राहिला.

त्याच सुमारास मुंबईहून पत्र आलं. वैद्यकीय चित्रं काढणाऱ्यांसाठी तीन आठवड्यांचा वर्ग होता, शरीर समोर ठेवून शिकवणार होते. मी लगेच अर्ज केला. साहेबांनी सामानाच्या साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाचं नाव पाठवलं. त्या गृहस्थानं उभ्या जन्मात कुंचला धरलेला नव्हता, पण त्याची सासुरवाडी मुंबईची होती.

मी विचारायला गेलो तर साहेब हसून म्हणाले, "तुम्हाला चित्र येतं की. येणाऱ्याला काय शिकवायचं?"

माझं डोकं फिरलं. "चित्र येतं, साहेब. शरीर येत नाही! माझ्या चित्राकडं बघून एखादी पोरगी नाळ ओढील आणि बाई मरेल. तेव्हा तक्त्यावर सही कुणाची असेल, तुमची का माझी?"

बाहेरची सगळी कचेरी ऐकत होती. साहेबांनी मला बाहेर काढलं.

मग मी रजा टाकून शिकलो. बाळंतपणाच्या खोलीत पुरुषाला जाता येत नव्हतं. नर्सबाई नुकतीच पडलेली वार पसरट तसराळ्यात घालून मागच्या दारी आणून द्यायच्या आणि मी ती चितारायचो. तेरला त्या सुईणीच्या ओट्यावर बसलो. तिनं ओली चिंधी माझ्या हातात दिली. म्हणाली, ही नाळ. मी जरा ताणली तर तिनं फाडकन हातावर मारलं. "वडू नगा म्हणलं की! वाट बघा. वार आपली आपण सुटती." तिचा सैल, थांबलेला हात मी पंधरा-वीस वेळा काढला, तेव्हा कुठं तो जमला.

तो हात कागदावर काढून, कापून, खळीची वाटी घेऊन मी एसटीनं केंद्राकेंद्रांवर फिरलो आणि जुन्या मुठीवर चिकटवत गेलो. सरकारी तक्ता विद्रूप केला म्हणून मला नोटीस आली. उत्तरात मी एवढंच लिहिलं की, विद्रूप तो मुळात मीच काढला होता.

साहेबांची बदली झाल्यावर नव्या डॉक्टरीणबाईंनी नर्सबाईंचा तो कागद वाचला आणि तक्ता नव्यानं छापून घेतला. मुंबईचा वर्ग पुन्हा निघाला तेव्हा मी वयाच्या अटीत बसत नव्हतो. तरी दरवर्षी रजा काढून मी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरच्या टेबलाशी शरीर शिकायला उभा राहिलो, निवृत्त होईपर्यंत.

माझी मूठ किती महिने त्या भिंतींवर होती, आणि तिच्याकडं बघून कुणी काय केलं, हे मला कधीच कळलं नाही. कळावं अशी सोय कुणी केली नव्हती. साहेबांना तर तो प्रश्नही पडला नसेल. याचा राग आजही येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.